कागदाची सवत

माणसानं जळावं, पण निदान हाडामांसाच्या बाईवर तरी जळावं. मी जळले ती कागदाच्या बाईवर. तिला स्वतःच्या हातानं शिवत बसायचं आणि वर जळायचं, असं नशीब शत्रूलाही नको.

आमचा पुस्तकबांधणीचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट खोली, खिडकीखाली मोठं टेबल, कोपऱ्यात कापायचं मशीन, दाराशी पुस्तकं दाबायचा लोखंडी दाब, आणि सगळीकडे खळीचा वास. छापखान्यातून छापलेले मोठाले कागद येतात. उलगडलेल्या कागदावर पानं क्रमानं नसतात. पहिल्याला खेटून शेवटचं असतं आणि निम्मी डोक्यावर उभी असतात. घडी बरोबर पडली की सगळी मुकाट आपल्या जागी जातात. त्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. फर्मे आकड्यांनी लावायचे, सुईदोऱ्यानं शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, झालं पुस्तक.

मी शाळेत अक्षरओळखीपुरती गेले. आकडे मला पाणी आहेत, पण अक्षरं एकेक हाताला धरून आणावी लागतात, म्हाताऱ्या पाहुण्यांसारखी. मला त्याची लाज नाही. पुस्तकं वाचणारे गल्लोगल्ली आहेत. पान गळणार नाही असं पुस्तक शिवणारे किती आहेत ते दाखवा, मग बोलू.

टेबलाभोवती आम्ही चौघी. मी, माझी सून, ठेंगी आणि रडूबाई. ठेंगीला उंच स्टुलावर बसवलं तरी तिचे पाय लोंबकळतात, पण जीभ जमिनीला लागते. रडूबाईला सुई टोचली तरी रडू येतं आणि दुसऱ्याला टोचली तरी येतं. दोघींना अक्षराचा गंध नाही. माझा मुलगा लांबच्या गाड्या चालवतो, घरी पाहुण्यासारखा येतो. म्हणून सून दिवसभर माझ्याच समोर. ही सून म्हणजे गरीब गाय. भाजीवाल्यानं सडकी भाजी दिली तर त्यालाच म्हणणार, "उन्हानं झालं असेल हो." मी ओरडले की मान खाली. बरं बोलले तरी मान खाली.

शिवताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. आणि त्या खोलीत तोंड एकच होतं, माझं. मी माझी गोष्ट सांगायचे. आमचे हे गेले, डोळ्यांतलं पाणी वाळलं नव्हतं, तोच छापखान्याचा म्हातारा मालक चार गडी घेऊन कापायचं मशीन न्यायला आला. मशीन त्याचंच, ह्यांना वापरायला दिलेलं. "बाईमाणसाला काय जमणार?" म्हणाला. मी मशीनसमोर वाघिणीसारखी उभी राहिले आणि गरजले...

"मशीन न्यायचं तर आधी माझे हात कापून न्या!" ठेंगी माझ्या आधीच गरजायची. इतक्या वेळा ऐकलेलं. रडूबाई तेवढ्यावरही रडायची. मला बरं वाटायचं. सून खाली बघून दोरा ओढायची.

एक दिवस घड्या घालता घालता सून हसली. माझ्या खोलीत, माझी गोष्ट चालू असताना, भलत्याच ठिकाणी हसली.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही आई. ही बाई..."

"कोण बाई?"

"फर्म्यातली." आणि तिनं कागद पुढे केला. नदीवर एकटी होडी चालवणारी एक बाई, तिच्या गोष्टीची पुस्तकमाला निघत होती आणि बांधायला आमच्याकडे येत होती. पुस्तकात तिला झोकदार नाव आहे. मी ते घेणार नाही. सवतीचं नाव कोण घेतं?

"मोठ्यानं वाच ना वहिनी," ठेंगी म्हणाली. "तुझ्या वाटणीचं आम्ही शिवतो."

झालं. माझ्या खोलीत माझ्याशिवाय रीत पडली. सून वाचणार, त्या दोघी तिच्या वाटणीचं शिवणार. आणि वाचताना ह्या गरीब गाईचा आवाज कुठून यायचा देव जाणे, खणखणीत! त्या होडीवालीनं काय काय केलं म्हणून सांगू. पुरात सुईणीला पैलतीरी नेलं. दारू पिऊन हात धरणाऱ्या सावकाराला भर नदीत ढकललं आणि मग बुडेल म्हणून केसांना धरून वर काढलं. भाग संपला की दुसरा येईपर्यंत ह्या दोघी आशाळभूतासारख्या छापखान्याच्या गाडीकडे बघायच्या.

"काय बाई आहे!" ठेंगी म्हणायची.

हे "काय बाई आहे!" आधी माझं होतं. मशीनच्या गोष्टीनंतर मिळायचं.

"अगं, तिला काय धाड भरलीय?" मी एकदा म्हटलंच. "पूर आला की पान उलटायचं. तिचे पाय दुखतात का कधी? चूल पेटवते का? पोरांचं कोण करतं?"

"मूल नाहीये तिला," सून म्हणाली.

"आणि सासू?"

"सासूही नाही."

"तरीच!" मी म्हटलं. "सासू नसली की कुणीही शूर होतं."

ठेंगी इतकी हसली की स्टुलावरून घसरली. सूनही हसली, तोंडावर हात न ठेवता. मला ते खुपलं. हसण्याचं नाही, हात न ठेवण्याचं.

मग तो पुठ्ठेवाला आला. नेहमीचाच, साखर पेरत बोलणारा. गठ्ठ्यात वरचे चार पुठ्ठे कोरडे आणि आत सगळे सर्दावलेले. मी तोंड उघडणार, एवढ्यात सुनेनं पुठ्ठ्यावर तळहात ठेवला, नंतर गालावर ठेवला आणि म्हणाली, "ओले आहेत. परत न्या."

"वहिनी, दोन दिवसांत सुकतील..."

"सुकले की आणा. माझ्या होडीत काय चढवायचं ते मी ठरवते."

पुठ्ठेवाला बावचळला. "होडी? कुठली होडी?"

"न्या म्हटलं ना!"

त्यानं नेले. ठेंगी आणि रडूबाईनं हातातली कामं टाकून तिला मिठ्या मारल्या. मी दोरा दातानं तोडला. लग्न होऊन घरात आल्यापासून मी हिच्या कानीकपाळी ओरडतेय, बोल, तोंड उघड, लोक तुला विकून खातील. पालथ्या घड्यावर पाणी. आणि त्या कागदी बयेनं दोन भागांत घडा सरळ केला! सून सुधारली ह्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या झाडाला फळ आलं, पण पाणी शेजारणीनं घातलं होतं.

दुपारी आम्ही दोघीच होतो. मी खळ ढवळत विचारलं, "माझ्याकडून का नाही शिकलीस हे? मी काय कमी होते?"

तिनं फर्म्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "रागावणार नाही?"

"रागावणारच. तू बोल."

"तुम्हाला कधी भीतीच वाटली नाही, आई. तुमच्या गोष्टीत तुम्ही उभ्या राहता आणि गरजता. मी ऐकायचे आणि वाटायचं, ह्यांचं रक्तच वेगळं, आपल्याला जन्मात जमणार नाही. ती मात्र घाबरते. पानभर घाबरते. हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते. आणि मग होडी सोडते. मला वाटलं, घाबरूनही सोडता येत असेल तर मलाही येईल."

मी खळ ढवळत राहिले. गुठळ्या झाल्या. माझ्या खळीत गुठळी झालेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्याच सुमारास छापखान्याच्या मालकाचा निरोप आला. म्हातारा गेला, आता त्याचा मुलगा बघतो, त्याला आम्ही प्रेसवाला म्हणतो. त्यानं पुस्तकाची पाठ डिंकानं चिकटवायचं नवीन मशीन घेतलं होतं. शिवण बंद करा, तुमची खोली सोडा, चौघी माझ्याकडे येऊन मशीनवर पुस्तकं लावा. पुढच्या भागाचा नमुना न्यायला येईन, तेव्हा उत्तर द्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण माझा आवाज हल्ली मध्येच बसतो, आणि खरं सांगायचं तर ही खोली पुढे सुनेलाच चालवायची होती. मी म्हटलं, "उत्तर तू देणार."

ती पांढरी पडली. मग म्हणाली, "देते. पण शेवटचा फर्मा येऊ दे आधी."

"त्याचा काय संबंध?"

संबंध असा होता: त्या भागात नदीवर पूल बांधायला ठेकेदार आला होता आणि होडीवालीला म्हणत होता, होडी मला देऊन टाक, पुलावर मजुरी देतो. ती काय करते ते शेवटच्या फर्म्यात होतं.

"म्हणजे माझ्या घराचा निकाल ती बया देणार?"

"तसं नाही आई. ती काय करते ते बघितलं की मला जरा धीर येतो."

आता सांगा, जळू नको तर काय करू? सासू समोर बसलीय, जितीजागती, एकदा मशीन वाचवलेली, आणि धीर कुणाकडून? शाईकडून!

नव्या भागाचे आधी एकेकच कागद येतात, नमुना शिवायला. त्यावरून जाडी बघून पुठ्ठा कापतो. गठ्ठे मागून येतात. नमुना मी शिवते, तो माझा मान. शेवटचा कागद घेऊन छापखान्याची गाडी आली तेव्हा सून दोरा आणायला गेली होती. मी कागद घेतला, दुमडला आणि माझ्या खुर्चीवरच्या उशीखाली घालून वर बसले.

"आला का?" सुनेनं दारातूनच विचारलं.

"नाही."

त्या दिवशी तिघींनी गाडीचा आवाज झाला की माना वळवल्या. मी जागची हलले नाही. कोंबडी अंड्यावर बसते तशी बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्या मागच्या पायरीवर डबे घेऊन गेल्या. मी म्हटलं, पोट जड आहे. दार लोटलं, कागद काढला. सगळा उलगडला तर टेबलभर होईल, कुणी आलं तर? म्हणून दुमडलेलाच मांडीवर घेतला आणि कोपऱ्यातलं, माझ्याकडे तोंड करून उभं असलेलं पान धरलं. कोपऱ्यात आहे म्हणजे शेवटचं, असं मनानं घेतलं. एकेक अक्षर हाताला धरून आणलं. ति-नं दो-र सो-ड-ला. ठे-के-दा-रा-च्या हा-ता-त दि-ला. घ-री गे-ली.

मला उकळ्या फुटल्या. हीच का ती? हिच्यासाठी माझी गोष्ट बंद झाली? फुकट नावाचा डांगोरा! पायरीवर जाऊन ओरडावंसं वाटलं, या गं, ऐका तुमच्या शूर बाईचं!

उठले. दारापर्यंत गेले. बाहेर सून ठेंगीला सांगत होती, "उद्या येणार आहे तो. आज फर्मा यायलाच हवा."

आणि माझ्या लक्षात आलं. हिनं हे वाचलं, तर हीसुद्धा दोर देईल. प्रेसवाल्याच्या हातात. माझी खोली, माझं टेबल, माझी शिवण. त्या मेलीची अब्रू राखल्याशिवाय माझं घर राहत नव्हतं! जिच्यावर जळायचं तिलाच सावरायची पाळी. असा सूड सवतही घेत नाही.

त्या आत आल्या तेव्हा मी कागद धरून बसले होते. "आला बघा. आज मी वाचणार."

"तुम्ही?" ठेंगी म्हणाली. "मग मुक्काम करायला घरून उश्या आणाव्या लागतील, काकू."

"बस खाली. एरवी लोंबकळतेस तशीच लोंबकळ."

मी सुरुवात केली. पहिली ओळ खरी वाचली, घाम फुटेपर्यंत. आणि मग सोडून दिलं. मी सांगितलं की ठेकेदार चार गडी घेऊन काठावर आला. म्हणाला, बाईमाणसाला काय जमणार. तिला गरजायचं होतं. काय बोलायचं ते तिनं घरून ठरवून आणलं होतं. पण तोंडातून आवाजच येईना. पाय लटपटले, गुडघे असे कापायला लागले की ती मटकन होडीतच बसली. उठायचं म्हटलं तरी उठता येईना. गडी म्हणाले, बाई, उतरा. ती बसलेली. ठेकेदार म्हणाला, उतर. ती बसलेली. त्यांना वाटलं, काय हट्टी बाई आहे, मेली तरी हलणार नाही. तिला वाटत होतं, देवा, ह्यांना माझे गुडघे दिसू नयेत. मांडीवर टोपलं होतं, ते तिनं गुडघ्यांवर दाबून धरलं. ऊन कलेपर्यंत बसली. शेवटी ते कंटाळून गेले. होडी राहिली.

"काकू, तुम्ही भरभर वाचायला लागलात की!" ठेंगी मध्येच म्हणाली.

"शेवटाला उतार असतो," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. रडूबाई तर रडतच होती, पण ठेंगीनंही बाहीनं डोळे पुसले. "बसली," ती म्हणाली. "नुसती बसली. काय बाई आहे!"

काय बाई आहे. तिला म्हणाली. तिला! इतकी वर्षं वाघिणीसारखी उभी राहिले त्याला जे मिळालं नाही, ते त्या बयेनं नुसतं बसून नेलं. आणि ते बसणं मीच तिच्या पदरी घातलं होतं.

सून माझ्याकडे बघत होती.

तिनं कागद मागायच्या आत मी घडी घालायला घेतली. हात आपोआप चालले. आणि घडी पडली तसे थांबले. मी वाचलेलं पान आत गेलं होतं, मधोमध. पानांचे आकडे त्याच्यापुढेही चालू होते. ज्या हातांनी जन्मभर घड्या घातल्या त्यांना विचारायच्या आधीच मी कोपऱ्यातलं पान शेवटचं मानून बसले होते. जळणाऱ्या माणसाला घडी दिसत नाही. पुढच्या पानांवर त्या बयेनं काय केलं होतं कुणास ठाऊक. बघायला वेळ नव्हता, आणि वेळ असता तरी मी तिला तेवढा मान दिला नसता. शिवून टाकला, पुठ्ठा चढवला, दाबाखाली घातला.

प्रेसवाला आला. चांगले बूट, हातात किल्ल्यांचा जुडगा, तो वाजवत बोलायची सवय. "मग काय काकू, केव्हा येताय आमच्याकडे?"

मी सुनेकडे बोट दाखवलं. ती उभी राहिली. तोंड उघडलं. काही आलं नाही. प्रेसवाला किल्ल्या वाजवत राहिला. माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली, एकाहून एक झणझणीत, मी ती कडू औषधासारखी गिळली. आणि सून मटकन खुर्चीत बसली. माझ्या खुर्चीत. समोरचा शाळेच्या पुस्तकांच्या फर्म्यांचा गठ्ठा तिनं मांडीवर ओढला, गुडघ्यांवर दाबून धरला आणि म्हणाली, "नाही."

"नाही म्हणजे?"

"आम्ही येणार नाही. इथून जाईल ते शिवून जाईल."

"वहिनी, विचार करा. काम बंद होईल."

"नाही," ती परत म्हणाली. आवाज पिसासारखा हलत होता, पण खाली पडत नव्हता. तो आणखी काय काय बोलला. दर वेळी तेच, नाही. शेवटी त्याच्या किल्ल्या थांबल्या. शाळेची पुस्तकं मशीनवर नेईन, म्हणाला, ही माला राहू दे तुमच्याकडे. निम्मं काम गेलं. निम्मं राहिलं. खोली राहिली.

मिठ्या झाल्या, रडणं झालं. मला कुणी मिठी मारली नाही. माझ्या खुर्चीत बसून, माझंच बसणं बसून, सून त्या होडीवालीच्या नावानं जिंकली. मी चहा टाकायला गेले आणि भांडी जरा जास्त आपटली.

मग गठ्ठे आले. शेवटच्या फर्म्याचा गठ्ठा सुनेनं स्वतः सोडला. मी सुईत दोरा ओवत होते, तो ओवला जाईना. तिनं पहिली घडी घातली, पान उलटलं, वाचलं. पुढचं वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

"काय गं वहिनी, मोठ्यानं वाच की," ठेंगी म्हणाली.

"वाचलंय ना आपण हे," सून म्हणाली आणि घड्या घालायला लागली.

त्या दोघी खळ आणायला मागे गेल्या तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, "ती दोर देते, आई. घाबरून देते. घरी जाते, घास उतरत नाही. सकाळी जाते आणि म्हणते, काल भीतीनं दिला होता, आज परत द्या."

"दिलेली वस्तू परत मागते?" मी म्हटलं. "निर्लज्ज!" आणि मनात म्हटलं, मेलीनं इथंही मात केली. हे मला जन्मात सुचलं नसतं.

सून हाडाच्या पट्टीनं घडी दाबत होती. "गुडघे फार कापत होते का?"

"पुस्तकात काय ते मला कशाला विचारतेस? वाचता तुला येतं."

"पुस्तकात नाहीये," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला विचारते."

मी दोऱ्याचं टोक ओलं केलं. सुईचं भोक कुठं गेलं होतं कुणास ठाऊक.

"मांडीवर तुझा नवरा होता, तान्हा," मी म्हटलं. "टोपलं नव्हतं."

तिनं माझ्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली. मान मात्र खाली नव्हती.

त्या दोघी खळ घेऊन आल्या. ठेंगी स्टुलावर चढता चढता म्हणाली, "काल आमच्या सगळ्या आळीला सांगितली मी ती बसल्याची गोष्ट. बायका वेड्या झाल्या नुसत्या. म्हणाल्या, काय बाई आहे!"

सुनेनं माझ्याकडे बघितलं. तिला सांगायचं होतं. मी डोळे वटारले, कारण नुसत्या बसलेल्या बाईपेक्षा वाघीण म्हणून मी इतकी वर्षं काढली आहेत, आणि दोन्ही एकदम मिळत नाहीत. मी सुई ओढली. दोरा करकचून बसला. पुस्तक माझ्या हातात होतं, तिच्या नावाचं, आणि ते नाव मी अजूनही घेत नाही.